एक रेघ घरच्यांसाठी

“पेंटर म्हणजे नक्की काय? तुम्ही घरं रंगवायचात की सिनेमाची पोस्टरं?” हा प्रश्न मला गावात, बोटीत, आणि सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा विचारला गेला आहे. मी बोर्ड लिहायचो. ‘बोर्ड रंगवतो’ असं कुणी म्हटलं तर भायखळ्याचे माझे उस्ताद त्याला दुकानाबाहेर काढायचे. भिंत रंगवतात, बोर्ड लिहितात. एवढं एक वाक्य घेऊन मी बाणकोटच्या खाडीवरून मुंबईला गेलो, आणि तिथून बोटीने कुवेतला. तेव्हा तिथे आपला रुपयाच चालायचा आणि समुद्राचं खारं पाणी गाळून पिण्यालायक केलेलं पाहून आमच्या गावची माणसं तोंडात बोट घालायची.

धंदा सांगायला सोपा आहे. फळी घासायची, अस्तर द्यायचं, चुन्याची दोरी ताणून रेषा मारायची, कागदावर अक्षर काढून त्याच्या कडेने सुईने भोकं पाडायची. तो कागद फळीवर धरून कोळशाच्या पुरचुंडीने थोपटलं की ठिपक्या-ठिपक्यांचं अक्षर उमटतं. मग आधी कड, नंतर पोट. म्हणजे बाहेरची रेघ ओढून घ्यायची आणि आत रंग भरायचा. इंग्रजी असो, अरबी असो, कामाची रीत हीच. लहानपणी कुराण वाचलेलं असल्यामुळे अरबी अक्षर मला परकं नव्हतं. तिथले लोक मला ‘इब्राहिम खत्तात’ म्हणायचे. खत्तात म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चार दिवस छाती काढून चाललो, हे कबूल करतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका दाताच्या डॉक्टरला बोर्डावर दाढ हवी होती, आणि ती दर वर्षी मोठी करून हवी होती. सालमियाचा एक दुकानदार म्हणाला, माझं नाव समुद्रावरून वाचता आलं पाहिजे, अर्धी गिऱ्हाइकं होडीने येतात. त्याचा बोर्ड मी सोनेरी लिहिला आणि ओला असतानाच ‘तोझ’ आला. तोझ म्हणजे तिथलं धुळीचं वादळ. हात समोर धरला तरी दिसत नाही. वादळ गेल्यावर बघतो तर सोन्याचा पॉलिशपेपर झालेला! मी डोक्याला हात लावला. दुकानदाराने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, “असू दे, अल्लाने पण थोडं काम केलंय.” तो बोर्ड तसाच लागला.

पण या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मला जे पहिलं आठवलं ते यातलं काहीच नव्हतं. मला एक चिनी अक्षर आठवलं. ते मी कुवेतात बरीच वर्षं लिहीत होतो, आणि ते मी कधीच पुरं केलं नाही.

त्या काळात माझं निम्मं काम तेलाच्या बंदरावर असायचं. टाक्यांवरचे आकडे, धोक्याच्या पाट्या, बोटींच्या बाजूंची नावं. अबू हलीफा गावच्या खजुरीच्या झाडांपासून थोडं अलीकडे माझी पत्र्याची शेड होती. एका दुपारी तिथे एक चिनी माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, काटक. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, आणि डाव्या काखेत सागवानाची एक जाड फळी.

तो एका तेलवाहू बोटीवरचा सुतार. नाव लाउ. कलकत्ता-मुंबईच्या खलाशांबरोबर आयुष्य गेल्यामुळे तोडकंमोडकं हिंदुस्थानी बोलायचा. आदल्या दिवशी बोटीवर वाफेचा पाइप फुटला होता. लाउचा हात भाजला, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला चान गेला. दोघे एका गावचे, हाँगकाँगजवळच्या एका बेटावरच्या मच्छीमार वस्तीतले. चानला सकाळीच मातीत ठेवलं होतं, परक्यांसाठी नेमून दिलेल्या वाळूतल्या जागेत. उष्म्यामुळे थांबता येत नव्हतं. बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती.

“ऑफिसवाला एक पट्टी दिया,” लाउ म्हणाला. “अंग्रेजी में चान लिखा. चान तो दुनिया में कितना! इस पर तुम लिखेगा. एक ही अक्षर.”

मी विचारलं, “नाव नको?”

तेव्हा त्याने बाकड्यावर बसून सगळं सांगितलं. त्यांच्या गावात परदेशी मेलेल्या माणसाला तिथे कायमचं ठेवत नाहीत. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून स्वच्छ करतात, मातीच्या रांजणात बसवतात आणि घरी नेतात. घरी नेलं नाही तर त्याच्या नावाने घास ठेवणारं कुणी नाही, तो उपाशीपोटी परक्या मुलखात भटकत राहतो. म्हणून त्या गावच्या खलाशांनी आपसांत ठरवलेलं होतं. जगातल्या कुठल्याही बंदरात आपल्या माणसाच्या कबरीवर हे एक अक्षर लिहायचं. ते दिसलं की त्या वाटेने जाणाऱ्या गाववाल्याने समजायचं, हा इथला नाही, याला न्यायचं आहे. अक्षर पुसलं गेलं तर माणूस पण गेला.

हे ऐकून मी उठलो आणि फळी घासायला घेतली.

अक्षर होतं 歸. उच्चार ‘ग्वाय’, वरच्या पट्टीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर धरलेला. माझा आवाज शेवटी चढला तर लाउ हात जोडायचा, “ऐसा मत बोलो!” कारण तसं बोललं की भूत असा अर्थ होतो. अर्थ विचारला तर म्हणाला, “वापस. घर वापस.”

उजवा हात निकामी, म्हणून तो खाली बसला आणि डाव्या हाताच्या बोटाने वाळूत अक्षर काढून दाखवलं. वेडंवाकडं, पण मला पुरेसं होतं. मी ते झटकन कागदावर उतरवलं, प्रमाणात बसवलं, भोकं पाडली, थोपटलं, कड ओढली आणि पोट भरलं. खरं सांगतो, देखणं झालं होतं. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती. मी बाजूला झालो आणि कौतुकाची वाट बघत राहिलो.

लाउने वाकून फळी नीट बघितली. मग म्हणाला, “तुम फोटो बनाया. लिखा नहीं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला, इब्राहिम खत्तातला, लिहिलं नाही म्हणतो! मी म्हटलं, “ले जाओ तुम्हारा लकडा, और कोई मिले तो लिखवा लो.” तो गेला नाही. टर्पेंटाइनचा डबा त्याने आपणच उघडला, चिंधी बुडवली, आणि माझं देखणं अक्षर शांतपणे पुसून काढलं. डाव्या हाताने पुसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. टर्पेंटाइनचा वास असेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं, पण वासाने असं पाणी येत नाही. मी मुकाट्याने त्याच्या शेजारी वाळूत बसलो.

त्यांच्यात अक्षर भरत नाहीत. ब्रश टेकवायचा, ओढायचा, उचलायचा. एक रेघ एकदाच. आणि कुठली आधी, कुठली मागून हे बापजाद्यांपासून ठरलेलं. मी तर अरबीच्या सवयीने उजवीकडून सुरुवात केली होती. या अक्षरात अशा अठरा रेघा. लाउ एकेक रेघ वाळूत काढायचा, मी काढायचो, तो पायाने पुसायचा. माझा भोकांचा कागद त्याने फाडला, आणि दुसरा मागितला तर देईना. “कागज देगा तो आँख देखेगा, हाथ भूल जाएगा.”

रेघा शिकवता शिकवता त्याने अक्षर उकलून दाखवलं. गावच्या शाळेत म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला असंच शिकवलं होतं. डावीकडे वर एक उंचवट्यासारखा भाग, तो मुख्यतः उच्चारासाठी. त्याच्याखाली पाऊल. आणि उजवीकडे उभा झाडू.

“झाडू?” मी म्हटलं. “परतण्यात झाडू कशाला?”

लाउ म्हणाला, झाडू म्हणजे घरची बाई. फार जुन्या काळी हे अक्षर नवरी सासरी निघाली की वापरायचे. नवरीचं पाऊल आणि तिच्या हातचा झाडू. मी त्याच्याशी वादच घातला. आमच्यात मुलगी सासरी जाते आणि माहेरी परत येते. जे घर तिने बघितलेलं पण नाही, तिथे जाण्याला परतणं कोण म्हणेल? लाउने बोट वाळूत टेकवून ठेवलं होतं. तो म्हणाला, “जिधर आखिर में तुम्हारा हड्डी रहेगा, वो घर. उधर पहली बार जाएगा, तो भी वापस जाएगा.”

आमच्याकडे मौतीची खबर आली की पहिलं जे तोंडून निघतं, ‘आपण अल्लाचे, आणि त्याच्याकडेच परत जाणार’, त्यातही परत जाण्याचीच गोष्ट आहे. ते मला आठवलं. आणि माझी जैबून आठवली. लग्न होऊन चार महिने झाले नाहीत तोच तिला खाडीकाठच्या घरात सोडून मी बोट धरली होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा माझा हात चालायला लागला. मी फळीवर लिहायला घेतलं. एकेक रेघ जात होती आणि लाउ मागे उभा राहून तोंडाने मोजत होता. झाडूच्या मुठीचा भाग झाला, खालच्या केरसुणीची चौकट झाली, आता फक्त मधली उभी रेघ राहिली. झाडूची दांडी. ब्रश टेकवणार तोच लाउने माझं मनगट धरलं.

“बस. ये घर में.”

शेवटची रेघ इथे लिहायची नाही, ही त्यांच्या गावची रीत. माणूस अजून परतलेला नाही, तर अक्षर पुरं कसं होईल? हाडं घरी पोचली की त्या घरची बाई आपल्या हाताने ती रेघ ओढते. मग तो परतला.

माझ्यासारख्या माणसाला एक रेघ कमी ठेवून बोर्ड देणं म्हणजे जेवणातून अर्ध्या घासावर उठणं. पण दिला. सकाळी आम्ही दोघांनी जाऊन तो वाळूत पक्का रोवला. निघताना लाउ म्हणाला, “धूप खाएगा इसको.” त्याला पुढे बोलावं लागलं नाही. मी म्हटलं, “मैं देखूंगा.” तो डाव्या हाताने माझा हात दाबून बोटीकडे गेला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असायची. त्या दिवशी मी काळ्या रंगाचा डबा घेऊन तिकडे जायचो. मुद्दाम काळा, कारण कुवेतच्या उन्हात लाल सगळ्यात आधी मरतो. आमच्या खोलीत दाभोळचा हसन होता, स्वयंपाक त्याच्याकडे. तो म्हणायचा, “इब्राहिम, खुळा झालास काय रे? तुझ्या बावाच्या कबरीवर नुसता धोंडा, आणि तू चिन्याच्या कबरीवर नक्षी काढतोस!” मी म्हणायचो, “माझा बावा आपल्या अंगणात झोपलाय. त्याला पत्त्याची गरज नाही.” पुढच्या ईदला तोच पाण्याची बाटली घेऊन बरोबर आला.

एका हिवाळ्यानंतर गेलो तर फळी नाही. त्या मुलखात लाकूड कुठलं, थंडीत कुणीतरी शेकोटीला नेलं असणार. ऑफिसची पट्टी तर कधीच उडाली होती. समोर सगळी वाळू सारखी. पण बोर्ड सरळ लागला की नाही हे लांब जाऊन एक डोळा मिटून बघायची आम्हाला सवय असते. फळी रोवली त्या सकाळीही मी तसं बघितलं होतं. चौकीदाराच्या खोलीचा कोपरा आणि पलीकडची पाण्याची टाकी एका रेषेत, आणि उजवीकडे एकुलतं एक झाड. तसा उभा राहून मागे मागे सरकलो आणि जागा सापडली.

आता अक्षर. शहरात जुनी घरं पाडत होते, तिथला समुद्री दगड जाऊन घेऊन आलो. ब्रश हातात घेतला आणि ते अक्षर दिसायचं कसं हे आठवेना. डाव्या बाजूचं पाऊल आठवे, तर वरचं विसरे. हसन घाबरून म्हणाला, “आता रे?” मी डोळे मिटले, ब्रश खाली ठेवला आणि वाळूत बोट टेकवलं. बोट आपोआप चालू लागलं. पहिली रेघ, दुसरी, तिसरी. थेट झाडूपर्यंत गेलं आणि दांडीपाशी आपोआप थांबलं. लाउने कागद का दिला नाही ते मला त्या दिवशी कळलं.

रजेवर गावी आलो तेव्हा जैबूनला हे सगळं सांगितलं, तांदळाच्या सुपात बोटाने अक्षर काढून दाखवलं. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे बाई नाहीच त्यात. नुसता पाय आणि झाडू!” मग तिनेच सुपात आडवा हात फिरवला आणि म्हणाली, “पण रेघ तिच्यासाठी ठेवली ते बरं केलंत.”

रुपया जाऊन दिनार आला त्या सुमाराला गोष्ट अगदी गळ्याशी आली. एका कंत्राटदाराने मला ‘पुढे रस्त्याचे काम चालू आहे’ अशा पाट्यांची मोठी ऑर्डर दिली. जागा विचारली तर तीच. मोजणीवाल्यांच्या खुंट्या चानच्या दगडाच्या जवळ येऊन ठेपल्या होत्या. लाउचा पत्ता माझ्याकडे नव्हता. बोटीवरच्या माणसाला पत्ता असतो कुठे? मग मी एक केलं. बंदरावर माझ्या शेडच्या दारात एक काळी फळी टांगली आणि तिच्यावर खडूने ते अपुरं अक्षर मोठं लिहून ठेवलं.

चिनी खलाशी थांबायचे. मी म्हणायचो, “लाउ. कार्पेंटर. बोलो, जल्दी आओ.” ते मान हलवून जायचे. एकदा चीनच्या उत्तरेकडचा एक भटारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, आला. त्याने अक्षर वाचलं ‘ग्वे’. मी म्हटलं ग्वाय, तो म्हणे ग्वे. आपलं अक्षर आवाज धरून बसतं. त्यांचं अक्षर अर्थ धरून बसतं, आवाज ज्याने त्याने आपल्या गावचा काढावा. एवढ्यावर आमचं पटलं. पण मग त्याने, एक रेघ विसरलास, असं खुणेने दाखवून खडू उचलला आणि दांडी ओढायला हात वर नेला. मी असा ओरडलो की शेजारच्या शेडमधले लोक धावत आले! त्याचा हात मी दोन्ही हातांनी धरला होता. बिचारा चांगल्या मनाने करत होता. नंतर त्याला चहा पाजला.

खुंट्या आणखी पुढे सरकल्या. कंत्राटदाराचा मुकादम ओळखीचा होता, त्याला रोज विनवायचो, “तो कोपरा शेवटी घे बाबा.” तो घेतो म्हणायचा, पण त्याच्या हातात तरी काय होतं?

आणि एका सकाळी शेडच्या दारात एक तरुण उभा. काळ्या फळीकडे बघत होता. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात लाल कापडात बांधलेला मातीचा रांजण. चानचा मुलगा मिंग. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता, आता स्वतः बोटीवर लागला होता. माझा निरोप कुठल्या तरी बंदरात लाउपर्यंत पोचला होता आणि लाउने याला धाडलं होतं.

परवानगीचे कागद त्याच्या बोटीच्या एजंटाने केले. मी आणि मिंग गेलो, हसनही आला. आमच्यात कबर उघडत नाहीत. मी तोंड फिरवून उभा राहणार होतो. पण मिंगने छत्री माझ्या हातात दिली. बापाच्या हाडांवर ऊन पडता कामा नये, आणि त्याचे दोन्ही हात मातीत होते. मग मी छत्री धरली. तो एकेक हाड उचलून कापडाने पुसत होता आणि रांजणात ठेवत होता. आधी पायाची, मग वरची, म्हणजे माणूस बसल्यासारखा राहतो. तोंडाने बापाशी काहीतरी बोलत होता. भाषा मला येत नव्हती, तरी कळत होतं. हसन पलीकडे उकिडवा बसून आपल्या दुआ म्हणत होता, आणि मी त्याला अडवलं नाही.

झाकण लावल्यावर मिंग म्हणाला, “लाउ अंकल बोला, तुम लिखेगा.” मी ब्रश आणलाच होता. रांजणाच्या गोल पोटावर लिहिणं अवघड, पण सतरा रेघा एका दमात गेल्या. दांडीपाशी थांबलो. मग राहवलं नाही, विचारलं, “तुम्हारी माँ लिख लेती है?”

तो म्हणाला, आईला एकही अक्षर येत नाही. बाप गेल्याची खबर आली तेव्हापासून ती रोज सकाळी अंगण झाडून झालं की दगडी फरशीवर ओल्या ब्रशने एकच उभी रेघ ओढते. पाणी वाळलं की पुन्हा. “सिर्फ एक लाइन सीखा.”

छत्री अजून माझ्याच हातात होती. मी मिटायची विसरलो, आणि बंदरापर्यंत तशीच धरून चाललो. रस्त्याने जाणारे अरब हसले असतील, मला ठाऊक नाही.

पुढे तिथे रस्ता झाला. त्याच्या पाट्या मीच लिहिल्या.

मी कायमचा घरी परतायच्या आधीच्या मोसमात लाउ एकदा आला. म्हातारा झाला होता, भाजलेल्या हाताची बोटं आकसून गेली होती, ही शेवटची बोट म्हणाला. दारातली काळी फळी रिकामी बघून त्याने समाधानाने मान हलवली. मी चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत धीर निघेना, म्हणून विचारलंच, “रेघ ओढली?”

ओढली, असं तो म्हणाला. सगळं गाव उभं होतं. “थोडा टेढ़ा हो गया. हाथ काँपता था.”

जन्मभर मी वाकडी रेघ सोडलेली नाही. चुन्याची दोरी मारल्याशिवाय ब्रश उचलला नाही. आत कुठेतरी त्या खत्तातला चुटपुट लागली असणार, म्हणून तोंडून निघून गेलं, “मग नंतर कुणी सरळ केली का?”

लाउने चहाचा पेला खाली ठेवला.

“कौन करेगा?” तो म्हणाला. “उसका घर, उसका झाड़ू.”